लेक दिली आन् सोनं न्हाई दिलं

सोनं नुकतंच वितळलं व्हतं आन् जिन्यावरनं पाणी आलं.

पहिल्यांदा वाटलं वर कुणीतरी बादली ओतली. आमच्या गल्लीत ओततात, खाली कोण हाय काय हाय बघत न्हाईत. मी बसल्या जागेवरनंच ओरडले, "अरे कौन है, नीचे आदमी बैठे हैं." तवर दुसरी बादली आली, तिसरी आली, आन् मग बादली-बिदली काही न्हाई, सगळा जिनाच पाणी झाला. वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर, तिथनं आमच्या फरशीवर, रंग चहासारखा, त्यात कुणाची तरी चप्पल, कोबीची पानं, एक झाडू. आमचा गाळा अर्धा जमिनीच्या खाली हाय. पाणी एकदा आत आलं की त्याला बाहेर जायला वाटच न्हाई.

माझ्यासमोर भट्टी पेटलेली. भट्टीत मूस, म्हणजे सोनं वितळवायचं मातीचं भांडं, आन् त्यात कर्णिककाकूंच्या सासूबाईंच्या पाटल्या, पाक झालेल्या. काकू स्टुलावर बसलेल्या. माझी लेक परी, तीन वर्षांची, कोपऱ्यात रिकाम्या पोत्यावर बसून चमच्यानं पोत्याला जेवण भरवत व्हती. आन् आमचे हे, म्हणजे परीचे पप्पा, सीकर रोडला विश्वकर्मा कारखान्यांच्या भागात गेलेले. भिंतीतला धूर ओढायचा पंखा जळला व्हता, तो काढून मोटर भरून आणायला.

काकू म्हणाल्या, "सारिका, पाणी येतंय."

मी म्हणलं, "व्हय काकू, बघितलं."

दोघीही उठलो न्हाई. आता तुम्ही म्हणाल, ह्या बायांना काय झालं व्हतं, पळायचं सोडून. म्हणून आधी आमचा धंदा सांगते, म्हणजे कळंल.

आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातले, आटपाडीकडचे. आमच्याकडं पाऊस न्हाई, म्हणून आजा-पणज्यापासनं माणसं बाहेर पडली आन् जिथं जिथं सराफ बाजार हाय तिथं तिथं जाऊन बसली. जुनं सोनं-चांदी गाळून त्यातली खोट काढायची, शुद्ध करून लगड बनवून द्यायची, हे आमचं काम. जयपुरात जोहरी बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा गाळा हाय. मी आठवीपर्यंत शिकले, मग लग्न झालं, मग इथं आले. आमच्यातल्या बायका भट्टीवर बसत न्हाईत. मला ह्यांनी शिकवलं, कारण कामाला ठेवलेला माणूस गावाला गेला तो आलाच न्हाई. आता बारीकसारीक माल मीच गाळते. तुम्ही वाचताय त्या ह्या अंकाचं काम काकू बघतात, त्याच म्हणाल्या लिही, जसं बोलतीस तसंच लिही, म्हणून लिहिती.

ह्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसतं. दागिना डोळ्यासमोर मुशीत जातो आन् डोळ्यासमोर बाहेर येतो. तवर गिऱ्हाईक पापणी हलवत न्हाई. एक शेठ येतात, ते डोळे मिटून पुटपुटत जप करत बसतात, मला वाटायचं काय भक्ती हाय, मग एक दिवस बघितलं तर एक डोळा बारीक उघडा. एक बाई नवऱ्याचा सोन्याचा दात काडेपेटीत घालून आणायची. भट्टी तापली की म्हणायची, "रहने दो, आज नहीं," आन् दात घेऊन परत जायची. लई खेपा घातल्या तिनं. शेवटी गाळला आन् नाकातली चमकी करून घेतली. आता बाजारात भेटली की नाकाला बोट लावून दाखवते, म्हणजे हे हितं हायेत.

आन् आमच्यात केर टाकत न्हाईत. हात धुतलेलं पाणी टबात साठवायचं, चटई फाटली की जाळून राख ठेवायची, जुनी साडीसुद्धा जाळायची, कारण सगळ्यात सोन्याचा कण असतो. सराफांच्या दुकानातला केर आम्ही आणतो, जाळतो, चाळतो, धुतो, त्यातनं कण काढून त्यांचं त्यांना देतो. लग्न झाल्यावर मी माहेरी फोन करून सांगितलं की आमच्यात झाडलेला केर टाकत न्हाईत, तर आई बापूंना म्हणाली, पोरगी आळशी घरात पडली.

तर काकू. कर्णिककाकू वैशाली नगरला राहतात, काका बँकेतनं रिटायर झाले, मुलं पुण्याला. पाटल्या मोडून दोन सुनांना सारखं सारखं करायचं व्हतं. आल्या आल्या मला विचारलं, "तुझा नवरा कुठाय?" मी म्हणलं, "मीच गाळते." त्यांनी मला वरपासनं खालपर्यंत बघितलं, मग परीला बघितलं, मग स्टूल भट्टीच्या आणखी जवळ ओढलं.

पाणी घोट्याला लागलं तवा मी काकूंना म्हणलं, "तुम्ही परीला घेऊन वर जावा."

"आणि पाटल्या?"

"मी आणते."

"मी इथंच बसते," काकू म्हणाल्या आन् दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर घेतले.

आन् मलाही उठता येत न्हव्हतं. तापलेल्या सोन्याला पाणी लागलं की ते गप बसत न्हाई, तोफेसारखं उडतं. सासऱ्यांच्या गालावर तसला डाग हाय, एका थेंबाचा. तो पाण्याचा एक थेंब व्हता, हितं जिना वाहत व्हता. भट्टी विटांच्या कट्ट्यावर हाय, पाणी कट्ट्याला लागलं की विटा तडकणार, मूस फुटणार, आन् आम्ही तिघी समोर. म्हणजे आधी मूस बाहेर काढून सोनं ओतायला पायजे.

मी गॅस बंद केला. लाईटचा खटका पाडला, कारण पाण्यात तारा. अंधार झाला, फक्त पंखा काढलेल्या भोकातनं उजेड. ते भोक आमच्या छताजवळ हाय, पण बाहेरनं बघाल तर गल्लीतल्या माणसाच्या पोटरीएवढ्या उंचीवर. परीला उचलून सगळ्यात वरच्या फळीवर बसवलं, तिथं सवागीचे, म्हणजे गाळताना टाकायच्या टाकणखाराचे डबे असतात, ते खाली पाडले, पडू देत म्हणलं. परी खूश. तिला त्या फळीवर कधी चढू देत न्हाई. वरनं म्हणाली, "मम्मी, नदी आली."

म्हणलं, "व्हय बाळा, बसून राहा, हलू नको."

मग सांडशीनं मूस धरली आन् वळले, आन् बघते तर साचा न्हाई. सोनं ओतायचा लोखंडी साचा खाली भट्टीजवळ ठेवलेला, तो पाण्यात. ओल्या साच्यात ओतलं तरी तेच, तोफ. सांडशीच्या टोकाला लाल मूस, आन् सगळ्या गाळ्यात कोरडी जागा न्हाई. रडू यायला लागलं मला. खरं सांगते, मी लई भित्री हाय, आमच्याकडं टँकरचं पाणी बघत मोठी झालेली मी, पाऊस जास्त झाला असं म्हणलेलं मी कधी ऐकलंच न्हाई. आमच्याकडं संकट म्हणजे पाणी न्हाई. हितं जयपुरात संकट म्हणजे आंधी, वाळूचं वादळ येतं, मग आम्ही दारं-खिडक्या लावून केर सांभाळत बसतो. पाण्याच्या संकटाला काय करायचं हे मला कुणी सांगितलंच न्हव्हतं.

काकू म्हणाल्या, "त्या घमेल्यात काय आहे?"

मधल्या फळीवर एक घमेलं व्हतं, राखेनं भरलेलं. आमच्या वर गोपालजींचं दुकान हाय, त्यांच्या दुकानातला केर जाळून चाळून ठेवलेली राख. कोरडी, एकदम पिठासारखी. धुवायची बाकी व्हती.

म्हणलं, "ती दुसऱ्याची हाय काकू."

"अगं, राखच आहे ना."

राख न्हाई ती, गोपालजींचं सोनं हाय त्यात, पण काकूंना कुठं सांगत बसू. एका गिऱ्हाईकाचा माल दुसऱ्याच्या मालात घालणं म्हणजे आमच्यात, कसं सांगू, देवाला पाय लावण्यासारखं. मी डाव्या हातानं राखेत खळगा केला आन् ओतलं. लाल धार राखेत गेली, सूं असा आवाज आला, राख थोडी उडाली, आन् काकूंच्या सासूबाईंच्या पाटल्या गोपालजींच्या केरात जाऊन बसल्या. मी वरनं राख ओढून झाकली.

"झालं?" काकू म्हणाल्या.

"झालं."

"आता उठू?"

आता उठा म्हणलं, तर आता उठून जायचं कुठं. एवढ्यात पाणी मांड्यांपर्यंत आलं व्हतं आन् जिन्यावरनं असं जोरात येत व्हतं की मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आन् खाली बसले. परत ठेवला, परत बसले. एकटी असते तर रांगत गेले असते. पण परीला कडेवर घेऊन? आन् काकूंचे गुडघे, त्या आधीच म्हणाल्या व्हत्या की जिना उतरतानाच त्यांना कळलं आपण चूक केली. वर कुणीतरी ओरडत व्हतं, गोपालजींचा आवाज वाटला, पण पाण्याच्या आवाजात एक शब्द कळंना. मी ओरडले, "गोपालजी, बच्ची है, बच्ची है." कोपऱ्यातला हात धुतल्या पाण्याचा टब तरंगून आडवा झाला, वर्षभराचं पाणी ह्या पाण्यात मिसळलं, आन् मला तेवढ्यातही वाईट वाटलं, बघा.

तवा त्या पंख्याच्या भोकातनं एक हात आत आला.

कोपरापर्यंत. काळा रेनकोट, मनगटात स्टीलचं कडं, करंगळीत निळ्या खड्याची अंगठी. हात आत आला आन् बोटं हलवली, असं, द्या म्हणल्यासारखं.

"बच्ची दे दो. जल्दी."

आवाज माझ्या ओळखीचा न्हव्हता. गल्लीतला एकेक आवाज मला माहीत हाय, चहावाल्याचा, पानवाल्याचा, गोपालजींच्या माणसांचा. हा त्यातला न्हव्हता. मी वाकून बघायला गेले तर हात सोडून काही दिसंना, भोकाच्या बाकीच्या जागेत नुसता रेनकोट अडून व्हता.

मी काकूंकडं बघितलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं. काकू काही बोलल्या न्हाईत, आन् मला अजून कळत न्हाई की त्या का बोलल्या न्हाईत, एरवी त्या भाजीवाल्याला कोथिंबिरीची जुडी कशी बांधायची ते सांगतात.

परी फळीवरच व्हती, भोकाच्या अगदी जवळ. तिनं त्या हातातलं कडं धरून बघितलं. मला वाटतं मी विचार केलाच न्हाई. मी कट्ट्यावर चढले, परीच्या काखेत हात घातला, म्हणलं, "परी, काकांकडं जा हं, मम्मी आलीच." कोण काका, कुणाचे काका. तिला आधी डोकं, मग खांदे असं भोकात सरकवलं. हातानं तिचा फ्रॉक पाठीमागनं मुठीत धरला, दुसरा हात आला, तिला ओढली, तिच्या पायातली एक चप्पल आत पडली, आन् भोक मोकळं झालं. उजेड आला, पाऊस दिसला, गल्लीतलं पाणी दिसलं, भोकाच्या कडेला टेकलेलं. आन् परी न्हव्हती.

मी भोकाला तोंड लावून ओरडले, "परी." पावसाशिवाय काही न्हाई.

ती जी वेळ हाय ना, त्याबद्दल मला लिहिता येत न्हाई. काकू म्हणाल्या लिही, म्हणून दोनदा लिहून बघितलं, आन् दोन्ही वेळा उठून परीला बघून आले.

मग हात परत आला.

मी म्हणलं, "बच्ची कहाँ है?"

"ऊपर है, ठीक है. और क्या है, दो. पानी अंदर आ रहा है."

और क्या है म्हणजे काय असणार, आम्ही दोघी आन् घमेलं. आम्ही दोघी त्या भोकातनं जाणार न्हव्हतो, काकू तर त्या भोकाकडं बघून हसल्याच. मी घमेलं उचललं. गरम व्हतं, पदरानं धरलं. घमेलं जरा तिरकं केलं असतं तर गेलं असतं बाहेर. मी कट्ट्यावर चढले, घमेलं भोकापर्यंत नेलं, त्या हातानं कडा धरली सुद्धा, आन् माझ्या तोंडातनं गेलं,

"पहले चेहरा दिखाओ."

मी म्हणलं न्हाई हो ते. ते आपोआप आलं. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात, तोंड बघितल्याशिवाय माल द्यायचा न्हाई. फोन आला, चिठ्ठी आली, मालकाचा सख्खा भाऊ आला तरी, ज्यानं दिला त्याचंच तोंड पायजे. मला वाटतं झोपेतनं उठवून कुणी सोनं मागितलं तरी मी हेच म्हणेन.

हात थांबला. कडा सोडली. मग बाहेरनं आवाज आला, एकदम शांत, रागावला न्हाई काही न्हाई.

"बच्ची देते वक़्त तो नहीं पूछा, बहनजी."

आन् हात गेला.

मी घमेलं धरून उभी. खाली काकू, कमरेएवढ्या पाण्यात, पर्स डोक्यावर. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतायत, तर त्या हसत व्हत्या. पर्स डोक्यावर, पाणी कमरेला, आन् हसतायत. म्हणाल्या, "अगं, तोंड दाखवायला त्याला गटारात आडवं व्हावं लागलं असतं." मग मलाही हसू आलं, आन् हसता हसता मी रडले, आन् काकूंनी मला जवळ घेतलं तर घमेलं मधे, दोघींना चटका.

तवर जिन्याचा जोर कमी झाला. गोपालजींनी दुकानातल्या बसायच्या गाद्या, पांढऱ्या खोळीच्या, सगळ्या जिन्याच्या तोंडाशी टाकल्या व्हत्या आन् स्वतः त्यावर बसले व्हते. गोपालजी चांगले वजनदार हायेत, बांधासारखे. वरनं त्यांनी लोडाची खोळ पिळून दोरीसारखी सोडली. काकू पुढं, मी मागनं त्यांना ढकलत, डोक्यावर घमेलं. प्रत्येक पायरीला काकू म्हणायच्या, "पडेन मी," आन् मी म्हणायची, "माझ्यावर पडा, घमेल्यावर पडू नका."

वर पोचलो आन् मी पहिल्यांदा परीला शोधलं. गोपालजींचं दुकान गल्लीपासनं चांगल्या चार-पाच पायऱ्या वर हाय, तिथं पाणी न्हव्हतं. आतल्या बैठकीवर, जिथं मोठे मोठे शेठ बसतात तिथं, परी बसली व्हती, अंगावर कुणाचा तरी टॉवेल, हातात घेवर, हितली पाकातली मिठाई. श्रावण व्हता, गोपालजींच्या घरनं घेवराचा डबा आलेला. सगळं तोंड चिकट. मला बघून म्हणाली, "मम्मी, चप्पल."

मी तिला असं धरलं की घेवर माझ्या केसात गेला. गोपालजी जिन्यावरनं उठून आले तर त्यांची नजर आधी घमेल्यावर. हात जोडले त्यांनी. "बहू, तुमने मेरी राख बचाई. खुद की जान पे खेल के मेरी राख बचाई."

मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "राख आपकी, भैया. पाटली मेरी."

मग जी पंचाईत झाली. पाणी उतरेपर्यंत आम्ही सगळे वरच अडकलो. चहा आला, आणखी घेवर आला. बैठकीच्या मधोमध घमेलं, एका बाजूला काकू, एका बाजूला गोपालजी, दोघांचा एकेक हात घमेल्याच्या कडेवर. चहा प्यायचा तो दुसऱ्या हातानं. गोपालजी म्हणायचे, "माताजी, आप आराम से पीजिए, मैं देख रहा हूँ." काकू म्हणायच्या, "नहीं नहीं, आप पीजिए." कुणीच हात काढंना. संध्याकाळी हे आले, मोटरसाठी गेलेले, सीकर रोडवरनं गुडघाभर पाण्यातनं चालत, खांद्यावर पंखा, तो पंखा आता पाण्यात बुडून परत जळलेला. ह्यांनी दारातनं बघितलं तर बायको राखेनं काळी, लेक घेवरानं पिवळी, आन् दोन गिऱ्हाईकं एका घमेल्याला धरून बसलेली. हे म्हणाले, "भट्टी?"

म्हणलं, "भट्टी गेली. बाकी सगळं हाय."

सोन्याचं पुढं काय झालं ते सांगून टाकते, न्हाईतर तुम्हाला झोप यायची न्हाई. लगडीसारखा गोळा राखेत सापडला, वाकडातिकडा, एखाद्या आल्याच्या कांडीसारखा. थोडे बारीक मणी फुटून राखेत पसरले व्हते. राख धुतली तवा दोघं समोर बसले, आमच्या धंद्यात पहिल्यांदाच एका राखेला दोन मालक. वजनाला गोळा आन् मणी मिळून काकूंचं काकूंना पुरं झालं, उरलं ते गोपालजींना दिलं, आन् गोपालजी म्हणाले दरवर्षीपेक्षा जास्तच वाटतंय, काकूंना म्हणाले, माताजी, पुढच्या वेळी पण माझ्याच राखेत गाळा. दोघं आता एकमेकांकडं दिवाळीला जातात. सुनांच्या साखळ्या झाल्या. एका सुनेनं विचारलं म्हणे, सोन्याला धुराचा वास येतो का, काकू म्हणाल्या, येतो, हुंग.

पाणी उतरल्यावर गल्लीभर चिखल राहिला. बाकीचे लोक फावड्यानं ओढून तो नाल्यात टाकायला लागले तर गल्लीतल्या आम्ही चार गलाईवाल्यांनी त्यांचे हात धरले. सराफांची गल्ली ती, सगळ्यांचा केर, सगळ्यांचे टब त्या पाण्यात गेलेले. आम्ही चिखल पोत्यात भरला. नगरपालिकेचा माणूस म्हणाला, मी बारा गावचा चिखल काढला पण चिखलासाठी भांडणारे लोक पहिल्यांदा बघतोय. भट्टी ह्यांनी परत बांधली, ह्या वेळी कट्टा माझ्या छातीएवढा उंच. मला स्टुलावर चढून बसावं लागतं. आन् पाऊस जरा जोरात आला की मी हात पुसून जिन्यात जाऊन उभी राहते, सोनं मुशीत असलं तरी. हे म्हणतात, काय करतीस. म्हणलं, काही न्हाई, बघते.

पण तो माणूस.

गोपालजींना विचारलं. म्हणाले, "रेनकोट था, टोपी आँख तक. बच्ची मेरी गोद में डाली और वापस पानी में गया. मैं समझा तुम्हारा देवर है." मला देवर न्हाई. पानवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. कुणाला माहीत न्हाई. कुणी म्हणालं बिजलीवाला असंल, कुणी म्हणालं बाहेरनं माल घ्यायला आलेला असंल, अडकला असंल. आता मी बाजारात गेले की लोकांचे चेहरे बघतच न्हाई, मनगटं बघते. दोनदा निळ्या खड्याची अंगठी दिसली, दोन्ही वेळा माणूस दुसरा. एकाची बायको माझ्याकडं अशी बघत व्हती की मी तिथनं पळाले.

सासूबाई फोनवर म्हणतात, पाणी दिसल्याबरोबर पोरगीला उचलून वर का गेली न्हाईस, मूस फुटली तर फुटली. हे म्हणतात, काकू खाली व्हत्या, तू बरोबर केलंस, पण अनोळखी माणसाच्या हातात पोरगी देताना माझा विचार आला का. म्हणलं, न्हाई आला, कुणाचाच न्हाई आला. काकू तर आल्या-गेल्याला सांगतात, अहो हिनं लेक दिली आणि माझ्या पाटल्या नाही दिल्या, आन् हसतात. एकदा मीही म्हणलं त्यांना, काकू, लेक माझी व्हती, पाटल्या तुमच्या व्हत्या. आपलं हाय ते आपण देऊ, दुसऱ्याचं कसं देणार. काकू त्या दिवशी हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "मी असते तर उलटं केलं असतं." मग म्हणाल्या, "नाही. माहीत नाही."

म्हणून तुम्हाला विचारते. जिन्यात पाणी हाय, वर चढता येत न्हाई, लेक फळीवर, आन् भिंतीतल्या भोकातनं एक हात आलाय, तोंड दिसत न्हाई. तुम्ही लेक दिली असती का? आन् तोच हात परत आला असता, तर दुसऱ्याचं सोनं त्याच्या हातात दिलं असतं का?